पहिलं अ‍ॅरोबॅटिक विमान: चूक झाकणारं नको, दाखवणारं हवं

वाचकाचं पत्र

काका, मी दारव्हा तालुक्यातला. वय २७. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करतो. दीड वर्षापासून सनबोर्डचं, स्वतः बनवलेलं, वरच्या पंखाचं रिमोटचं विमान उडवतो. उतरवणं जमतं, हवेत आठ काढता येतात, लूपही (हवेत उभं वर्तुळ) होतं, पण ते अंड्यासारखं. आता मला मापातलं अ‍ॅरोबॅटिक, म्हणजे हवेतल्या नेमक्या कसरती, शिकायचं आहे. सरळ रेषा, गोल लूप, हळू रोल (स्वतःभोवती गिरकी). चाळीस हजार साठवलेत. माझ्यासमोर तीन विमानं आहेत. पहिलं फोमचं थ्रीडी, जे प्रोपेलरवर लटकून हवेत उभं राहतं. दुसरं ओळखीतल्या एकाचं जुनं बाल्साचं, नायट्रो इंजिनचं, तो स्वस्तात द्यायला तयार आहे. तिसरं दोन मीटरचं, स्पर्धेतलं, वापरलेलं. त्याच्यासाठी आणखी वर्षभर थांबावं लागेल. रिमोट साधा सहा चॅनलचा आहे. उडवायला गावाबाहेरची ई-क्लास (गायरान) जमीन आणि उलंगवाडीनंतर, म्हणजे कापूस वेचून संपला की, आमचं वावर. कोणतं घेऊ?

उत्तर

तू मला काका लिहिलंस, म्हणून मीही सरळ ‘तू’च म्हणतो. या तिन्हींतलं एकही घेऊ नकोस. सव्वा मीटरच्या आसपास पंख असलेलं, बॅटरीवरचं, मधल्या किंवा खालच्या पंखाचं आणि वर-खाली सारख्या फुगवट्याच्या एअरफॉइलचं (पंखाच्या आडव्या कापाचा आकार) विमान घे. तेही सगळे पैसे ओतून नाही.

असं का म्हणतो ते कळायला आधी तुझ्या सनबोर्डच्या विमानाकडे बघ. त्याचे पंख टोकांकडे वर उचललेले आहेत, खालून ते सपाट आहेत आणि सगळं वजन पंखाखाली लोंबतं. स्टिक सोडली की ते आपोआप सावरतं. गेलं दीड वर्ष निम्मं उड्डाण त्यानंच केलंय, आणि शिकताना ते तसंच हवं होतं. पण त्याला उलटं कर. ते पुन्हा सुलटं व्हायला धडपडतं. नुसता रडर (शेपटीवरची उभी झडप) दे, ते एका बाजूला कलतं. थ्रॉटल वाढव, नाक वर जातं. तुझं लूप अंड्यासारखं होतं त्यात तुझा हात किती आणि विमानाची मर्जी किती, हे तुला जमिनीवरून कळायला मार्गच नाही.

मापातल्या अ‍ॅरोबॅटिकसाठी बनवलेलं विमान स्वतःहून काहीच करत नाही. ३० अंश कलवून स्टिक सोडलीस तर ते कललेलंच पुढे जातं. उलटं केलंस तर उलटंच उडतं. रेषा वाकडी गेली तर ती तुझ्या अंगठ्यामुळे गेली, हे त्याच क्षणी दिसतं. पहिलं विमान निवडताना मी ही एकच कसोटी लावतो: चूक झाली तर ती कुणाची, हे या विमानावर कळेल का?

थ्रीडी विमान इथेच कमी पडतं. त्याची एलेरॉन (पंखांवरच्या झडपा, विमान कलवणाऱ्या) आणि एलेव्हेटर (शेपटीवरची आडवी झडप, नाक वर-खाली करणारी) फळीसारखी रुंद, वजन हलकं, आणि मोटारीचा ओढा वजनाच्या जवळजवळ दुप्पट. कुठेही फसलास तरी थ्रॉटल पुढे ढकललं की सुटलास. ही सवय लागली की रेषा धरायचा कंटाळा येतो, हे मी अनेक पोरांच्या बाबतीत पाहिलंय. शिवाय इतकं हलकं विमान वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला हलतं. लटकणं, प्रोपेलरवर उभं राहणं हे खरं कौशल्य आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. ते नंतर शीक. आणि बाजारात तुझ्या मापाचं दुसरं काहीच मिळालं नाही, तर थ्रीडीचंच विमान घेऊन कंट्रोलची हालचाल निम्म्यावर आण, बॅटरी थोडी पुढे सरकव, आणि वर्षभर हॉवर करायचा, म्हणजे हवेत लटकायचा, स्विच विसरून जा.

या खेळाचं मूळ बघितलं तर मुद्दा आणखी पटेल. रेडिओ कंट्रोल अ‍ॅरोबॅटिकची पहिली जागतिक स्पर्धा १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये झाली आणि अमेरिकेचा एड काझमिर्स्की ती जिंकला. त्या काळच्या रीड रेडिओवर आजच्यासारखी स्टिक नव्हती, छोटे खटके होते. खटका दाबला की एलेव्हेटर पूर्ण वर, सोडला की मध्यावर. थोडंसं वर असा प्रकारच नव्हता. खटके टिचकावत रेषा काढायची म्हणजे विमान मुळातच सरळ जाणारं असायला हवं, कारण हातानं सतत सावरत बसणं शक्यच नव्हतं. आज आपल्याकडे बारीक हालचाल देणारे सर्व्हो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटारी) आहेत, म्हणून वाकडं विमानही आपण सावरत उडवतो आणि त्यालाच उडवणं समजतो.

दोन मीटरचं विमान का नको, हे तुला पैशांपेक्षा गणितानं सांगतो. एफ३ए या आंतरराष्ट्रीय वर्गात विमानाचा पंख आणि लांबी प्रत्येकी २ मीटरच्या आत असावी लागते, आणि ते पायलटपासून साधारण १५० मीटरवर, जमिनीपासून ६० अंशांपर्यंतच्या चौकटीत उडवतात. १५० मीटरवर ६० अंश म्हणजे उंची झाली सुमारे २६० मीटर. आपल्याकडे ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या झोनमध्ये परवानगीशिवाय उडवायची मोकळीक आहे ती ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटर. हे नियम चार पंख्यांच्या ड्रोनपुरते नाहीत, आपल्या पंखाच्या विमानांनाही लागू आहेत. आता सव्वा मीटरचं विमान ७० मीटरवर उडव. ६० अंशांवर उंची येते जवळपास १२० मीटर. तीच चौकट, तेच कोन, तीच आकृती, आणि छप्पर आपल्या आभाळाच्या मापाचं. लहान विमान तेवढ्या अंतरावर डोळ्यांना नीट दिसतंही.

हेच विमान २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोच्या आत बसतं, म्हणजे मायक्रो वर्गात. व्यावसायिक काम नसेल तर या वर्गाला रिमोट पायलटचा परवाना लागत नाही. तरी जागा ठरवताना डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर झोन बघ, आणि दर वेळी बघ, झोन बदलू शकतात. ई-क्लासवर उडवायचं तर ग्रामपंचायतीत आधी सांगून ठेव. गुराख्यांना वेळ विचार. भेदरलेली जनावरं उधळली की तुझा छंद त्याच दिवशी बंद होईल.

नायट्रोबद्दल मी जपून लिहितो, कारण माझा जीव त्याच इंजिनांत गुंतलेला आहे. एनसीसीच्या एअर विंगमध्ये मी तारेवर फिरणारी कंट्रोल लाइनची विमानं उडवली, त्या एरंडेलाच्या वासावर मोठा झालो. पण त्या इंजिनाला मेथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण लागतं. ते दारव्ह्यात मिळणार नाही, मागवायला खर्च आणि कटकट दोन्ही. इंधन कमी-जास्त करणारी सुई सकाळी लावलेली दुपारी चुकते. तुला एका सकाळी सहा उड्डाणं हवी आहेत, आणि त्यातली दोन इंजिन सुरू करण्यात जातील. ते विमान फुकटच मिळत असेल तर सांगाडा घे, इंजिन काढ, बॅटरी बसव. विकत घेऊ नकोस.

बॅटरीवरच्या विमानात तर तुझा व्यवसायच कामी येतो. ब्रशलेस मोटारीचं केव्ही म्हणजे प्रत्येक व्होल्टला मोटार मिनिटाला किती वेळा फिरते, आणि ते वाइंडिंगच्या फेऱ्यांवर ठरतं: फेरे वाढवले की केव्ही उतरतं, जाड तारेचे कमी फेरे घातले की चढतं. स्टारची जोडणी डेल्टा केली तर केव्ही सुमारे १.७३ पट होतं, हे तुला मी काय सांगणार. विमान विकत घेणारे बहुतेक लोक मोटार जळली की नवी आणतात. तू तीच मोटार रात्री उलगडून तुझ्या प्रोपेलरला जुळेल अशी गुंडाळू शकतोस. एक वॉटमीटर घे. विमानाच्या दर किलोला ३०० वॉटच्या पुढे ताकद असली की सरळ वरची रेषा दमत नाही. ओढा वजनाच्या दीडपट पुरे.

आता विमान निवडताना काय बघायचं. शेपूट लांब हवी, कारण लांब शेपटीचं विमान संथ आणि ठाम वळतं. दोन्ही एलेरॉनना वेगळे सर्व्हो हवेत. सर्व्हो धातूच्या गिअरचे असावेत आणि मुख्य म्हणजे ते दर वेळी त्याच मध्यावर परत यायला हवेत. दुकानात किंवा घरी पोहोचल्यावर एलेव्हेटर बोटात धरून हलव. हॉर्न (झडपेवरची दांडी) आणि पुशरॉडच्या (सर्व्होपासून येणारी तार) जोडात जेवढा सैलपणा, तेवढीच तुझी रेषा डळमळणार. क्लेव्हिसच्या (पुशरॉडच्या टोकाचा चिमटा) भोकाला बारीक तार बसवून हा सैलपणा काढता येतो. पंख सुटा होणारा हवा, बसमधून नाहीतर दुचाकीवरून न्यायचाय तुला. पंखाच्या आत कार्बनची नळी आहे का, तेही तपास. बॅटरीसकट वजन १,४०० ग्रॅमच्या आत राहिलं तर छान. आणि रंग: वरून आणि खालून वेगळा. खाली जाड काळे पट्टे मारून घे. आपल्या धुळकट पांढऱ्या आभाळात पिवळं आणि पांढरं विमान विरघळून जातं, आणि ७० मीटरवर विमान सुलटं की उलटं हा प्रश्न पडला तर उत्तर शोधायला एखादा सेकंदच मिळतो.

फोम की बाल्सा? तुझे हात बघता बाल्साचा मोह होईल. बाल्सा ताठ आणि हलकं, म्हणून रेषा जास्त स्वच्छ येते. तरी पहिलं ईपीओ फोमचं घे. तू ते पाडशील. पऱ्हाटीच्या सुकलेल्या खुंटात पडलेलं बाल्सा म्हणजे महिनाभराचं काम. फोम रात्री चिकटवून दुसऱ्या सकाळी हवेत जातं. मात्र फोमचा एक शत्रू आपल्याकडे वर्षातून तीन महिने मुक्कामाला असतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी माझं फोमचं विमान दुपारी बंद गाडीत ठेवलं, लग्नाच्या पंगतीत तासभर बसलो. संध्याकाळी उडवलं तर ते उजवीकडे गुंडाळत गेलं आणि ट्रिम पूर्ण देऊनही सावरलं नाही. पडल्यावर पंख फळीवर ठेवून पाहिला: उन्हानं त्याला पीळ पडला होता. डोळ्यांना दिसला नव्हता, कारण मी उडवण्याआधी बघितलंच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक उड्डाणाआधी मी मागून, एक डोळा मिटून, दोन्ही पंखांच्या कडा बघतो. तूही बघ. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीलाही बंद गाडीतली ती भट्टी सोसत नाही.

लिपोचं आणखी एक, आणि हे मी हात जोडून सांगतो. कापूस साठवलेल्या खोलीत चार्जिंग करायचं नाही. कधीच नाही. शेजारच्या खोलीतही नको. अंगणात, टिनाच्या डब्यात रेती घालून, तू समोर बसलेला असताना चार्ज कर. आठवडाभर उडवणार नसशील तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेव, भरलेली, ४.२ व्होल्टची बॅटरी उन्हाळ्यात पडून राहिली की फुगते.

पैशांचं. आधी रिमोट. तुझ्या सहा चॅनलच्या रिमोटवर एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळ हालचाल मऊ करणं), ड्युअल रेट (झडपांची हालचाल स्विचनं कमी-जास्त करणं) आणि हवं तसं मिक्सिंग (एका स्टिकबरोबर दुसरी झडपही आपोआप हलवणं) होत नसेल तर एजटीएक्स या रिमोटच्या सॉफ्टवेअरवर चालणारा रिमोट घे. विमानं येतात-जातात, रिमोट दहा वर्षं राहतो. उरलेल्यातून विमान, चार सारख्या बॅटऱ्या, बरा चार्जर, आणि पाच-सहा प्रोपेलर. पाच हजार बाजूला ठेव, त्यांना दुरुस्तीशिवाय हात लावू नकोस. एका बॅटरीवर महागडं विमान उडवणाऱ्यापेक्षा चार बॅटऱ्यांवर साधं विमान उडवणारा चौपट शिकतो, हे मी शपथेवर सांगेन.

विमान आलं की ते लगेच चांगलं उडेल असं समजू नकोस. ते जुळवावं लागतं, आणि या छंदातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. आधी जमिनीवर: नाकाला आणि शेपटीला दोरा बांधून उचल, जो पंख खाली जाईल त्याच्या विरुद्ध टोकाला छोटंसं वजन चिकटव. मग हवेत गुरुत्वमध्य बघ. ४५ अंशांनी वर जा, त्या रेषेवर उलटं कर आणि एलेव्हेटरची स्टिक सोड. रेषा धरून हळूच नाक उतरायला लागलं तर बरोबर. झपकन खाली आलं तर नाक जड, बॅटरी मागे घे. उलट आणखी वर चढायला लागलं तर शेपूट जड, बॅटरी पुढे. दर वेळी अर्धा सेंटीमीटर, जास्त नाही.

मग पूर्ण थ्रॉटलवर सरळ वर. विमान डावीकडे ओढलं गेलं तर मोटारीला उजवा कल वाढव, फायरवॉलच्या (मोटार बसते ती नाकातली फळी) स्क्रूमागे पातळ वॉशर घालून. थ्रॉटल बंद करून सरळ खाली आण; ते आपोआप कॅनोपीच्या (पाठीवरच्या कॉकपिटच्या झाकणाच्या) बाजूला ओढत असेल, तर थ्रॉटल तळाशी असताना किंचित डाउन एलेव्हेटर मिसळायचं. शेवटी नाइफ एज: विमान कुशीवर उभं, नुसत्या रडरवर. बहुतेक विमानं इथे पोटाकडे किंवा कॅनोपीकडे सरकतात आणि थोडी रोलही होतात. रडरमधून एलेव्हेटरला आणि एलेरॉनला लहानसं मिक्स दे, पाच टक्क्यांपासून सुरुवात कर. एका दिवशी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कोणत्या बदलानं काय झालं हे समजत नाही. रिवाइंडिंगला फेरे मोजून लिहितोस ना, तसंच.

हंगामाचं आपल्याकडे बरं जमतं. डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सात ते नऊ, वारा जवळजवळ नसतो. जुळवाजुळव तेव्हाच कर. उलंगवाडीनंतर पऱ्हाटी उपटून वावर मोकळं झालं की धुऱ्याला समांतर पन्नास-साठ मीटरची पट्टी मुरूम टाकून दाबून घे. नुसत्या काळ्या मातीला मार्चनंतर भेगा पडतात आणि त्यात चाक अडकलं की लँडिंग गिअर उखडतं. मोठी चाकं लाव. कृषिपंपांच्या तारा आणि डीपी कुठे आहेत ते चालत जाऊन बघ. दुरून तार दिसत नाही, खांब दिसतात. एप्रिल-मेच्या दुपारी वावटळी उठतात आणि हवाही पातळ होते: १५ अंशांच्या सकाळच्या तुलनेत ४५ अंशांच्या दुपारी ती जवळपास १० टक्के विरळ भरते. विमान वेगानं उतरतं, मोटार लवकर तापते. नवतप्यात उडवूच नकोस. झडी लागली की सिम्युलेटर.

सरावाला पहिले दोन महिने आकृत्या काढू नकोस म्हटलं तर तुला राग येईल, तरी म्हणतो. धुऱ्याला समांतर एक रेषा ठरव, मध्यावर बाभळीसारखी एक खूण पकड. त्या रेषेवर, एका उंचीवर, जाताना आणि येताना सारखं उड. मग तेच उलटं. मग मध्यावर एक रोल, आणि रोलनंतर उंची तीच. लूप त्यानंतर. लूपमध्ये एलेव्हेटर एकाच ठिकाणी धरून ठेवलं की अंडं होतं. वर जाताना वेग मरतो, म्हणून थ्रॉटल पुढे हवं, माथ्यावर एलेव्हेटर थोडं सैल, उतरताना थ्रॉटल मागे. वारा असेल तर गोल आणखी सरकतो, तेही भरून काढायचं. धाकट्या भावाला नाहीतर मित्राला मागे उभं कर. स्पर्धेतही पायलटच्या मागे आकृत्या सांगणारा कॉलर असतो. तू विमानाकडे बघत असताना रेषा आत येतेय की बाहेर जातेय हे त्यालाच आधी दिसतं. गुराखी, माणसं, बैल येतायत का हेही तोच बघेल.

विमान घरी आलं की बॅटरी बसवून तराजूवर ठेव आणि वजन मला कळव. १,४०० ग्रॅमच्या वर भरलं, तर मोटार गुंडाळायला घेण्याआधी लिही. आधी चाकं, सर्व्होच्या वायरी आणि बॅटरीचं माप यांतून काय कमी करता येतं ते पाहू.